भारतात बायकांना मताचा हक्क आयता मिळाला म्हणे!

शाईचं_बोट
फॅमिली ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड आलंय. इंग्लंडच्या बायकांनी काचा फोडल्या, तुरुंगात उपोषणं केली तेव्हा कुठे त्यांना मत मिळालं, आणि आपल्याकडे घटना आली आणि बायकांना सगळं आयतं ताटात पडलं. खाली धडाधड अंगठे, त्यात बायकापण आहेत, आता बोला. अहो, डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारचा भारतमंत्री मॉण्टेग्यू मद्रासला आला तेव्हा सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ त्याला भेटलं होतं, आम्हालाही मत द्या म्हणून. तेव्हा खुद्द इंग्लंडच्या बाईला पार्लमेंटसाठी मत नव्हतं! पुढे मत कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो कमिटीने इथल्या समाजाची अजून तयारी नाही म्हणून हात वर केले, तर हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ ला थेट लंडन गाठून साक्ष देऊन आल्या. शाळेत सरोजिनीबाई भेटतात त्या फक्त कोकिळा म्हणून, हेराबाई तर भेटतच नाहीत.

सडेतोड
ताई, राग समजू शकतो पण जरा मापात. निवेदन देणं वेगळं आणि इंग्लंडच्या एमिली डेव्हिसनने १९१३ ला राजाच्या घोड्यासमोर जाऊन जीव गमावणं वेगळं. न्यूझीलंडमध्ये केट शेपर्ड आणि तिच्या सोबतच्या बायकांनी १८९३ ला जवळपास ३२ हजार सह्या जमवल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात कायदा झाला, याला म्हणतात चळवळ. आपल्याकडे कोण होतं, तर इंग्रजी शिकलेल्या, घरचं बरं असलेल्या मोजक्या बायका. १९२१ ला मद्रास आणि मुंबई प्रांताने हक्क दिला खरा, पण मालमत्तेची अट होतीच ना, मग शेतात खुरपणाऱ्या बाईला त्यातून काय मिळालं? तिच्या हातात मतपत्रिका आली ती १९५१-५२ च्या निवडणुकीत, घटनेमुळे. आता हे बोललं की मी लगेच बाईविरोधी.

पाटीपेन्सिल
सडेतोड, बाईविरोधी नाही पण तुमचं माप एकाच बाजूला चालतंय. मालमत्तेची अट पुरुषांनाही होती. शेतात राबणाऱ्या गड्याला तरी १९२१ ला कुठे मत होतं? त्याने कुठे काचा फोडल्या? मग त्यालाही आयतंच मिळालं म्हणा की. तसं कुणी म्हणत नाही, तिथे आपण म्हणतो स्वातंत्र्यलढ्यातून मिळालं, आणि त्याच लढ्यात तुरुंगात गेलेल्या बायका मात्र हिशोबात धरायच्या नाहीत.
आणि इंग्लंडचं कौतुक करताना पुढचंही सांगा. १९१८ ला तिथे हक्क मिळाला तो तिशीच्या पुढच्या आणि तोही मालमत्तेची वगैरे अट असलेल्या बायकांना, पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. मद्रासने १९२१ लाच पुरुषांना ज्या अटी त्याच बायकांना लावल्या होत्या. मुंबई प्रांतात ह्या मागणीसाठी रमाबाई रानडे पुढे होत्या, आपण त्यांना 'न्यायमूर्तींच्या पत्नी' एवढ्यावरच संपवतो.

गप्पिष्ट
स्वित्झर्लंडने देशपातळीवर १९७१ ला दिला. घड्याळं एवढी चांगली बनवून पण वेळ चुकलीच.

सडेतोड
@पाटीपेन्सिल पुरुषांचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मान्य. पण मग ह्याचं उत्तर द्या, पहिल्या निवडणुकीच्या यादीत साधारण आठ कोटी बायका होत्या आणि त्यातल्या जवळपास २८ लाखांची नावं कापावी लागली, का तर त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. ज्या हक्कासाठी लढा झाला म्हणता तो लाखो बायकांपर्यंत पोचलाच नव्हता, ह्याला दुसरा पुरावा काय पाहिजे?

शाईचं_बोट
२८ लाख बरोबर आहे, पण तुम्ही त्यातून काढताय काय! यादी करणारा माणूस दारात उभा, हा परका पुरुष, आत सासरे बसलेले, तो विचारतो नाव काय, आणि तिला आयुष्यभर शिकवलंय की परक्यापुढे नाव घ्यायचं नाही. मग ती सांगते अमक्याची बायको, तमक्याची आई, आणि तो तेच लिहून घेतो. सुकुमार सेन निवडणूक आयुक्त होते, त्यांनी असल्या नोंदी चालणार नाहीत, स्वतःचं नाव पाहिजे म्हणून सांगितलं. ह्यात बाईला हक्क नको होता असं कुठे दिसतं? उलट सरकारच्या कागदावर स्वतःच्या नावाने यायला तिला घरातच केवढी भिंत होती ते दिसतं. आणि इंग्रजांनी १९३५ च्या कायद्यात हेच तर केलं होतं, नवरा मतदार म्हणून बायकोला मत. बायकांच्या संघटनांनी आधीच बजावलं होतं की असलं नवऱ्याच्या नावावरचं मत नको, सरसकट प्रौढ मतदान द्या. त्यातलीच एक अखिल भारतीय महिला परिषद, ती १९२७ ला पुण्यात सुरू झाली.

सडेतोड
हो आणि त्याच संघटनांनी राखीव जागाही नकोत म्हणून सांगितलं, ते का गाळलं? घटना समितीत हंसा मेहतांचीही तीच भूमिका. परिणाम काय, तर पहिल्या लोकसभेत पाच टक्केही बायका नाहीत. ग्रामपंचायतीत बायका खऱ्या अर्थाने बसल्या त्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर, एक तृतीयांश जागा राखीव झाल्यावर. म्हणून म्हणतो, वरच्या वर्गातल्या बायकांना खालचं दिसत नव्हतं.

पाटीपेन्सिल
राखीव जागांबाबत त्यांचा अंदाज साफ चुकला, ह्यावर वाद नाही. त्यांना वाटलं बरोबरीने उभं राहिलो की पक्ष आपणहून तिकीट देतील, पक्ष कसले देतायत राव. पण अंदाज चुकणं आणि लढाच न देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सडेतोड
ठीक, पुस्तकात नावं घाला, माझी काही हरकत नाही. पण खुरपणाऱ्या बाईच्या मताचं श्रेय मी तरी घटना समितीलाच देणार.

शाईचं_बोट
द्या की. त्या समितीत १५ बायका होत्या, दुर्गाबाई देशमुख होत्या, आणि कोचीन संस्थानातल्या दलित घरातून आलेल्या दाक्षायणी वेलायुधनही होत्या. त्यांना कुठल्या वरच्या वर्गात बसवताय ते सांगा.