राहणीमान, जीवनमान की जीवनस्तर?

टिळकनगर, इंदूर
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी देशोदेशींच्या क्रमवारीवर लेख लिहिते आहे: कुठला देश पहिला, आपण कितवे, वगैरे. हाताशी आहेत ती हिंदी वर्तमानपत्रं आणि त्यांत सगळीकडे ‘जीवन स्तर’. इंदुरात वाढल्यामुळे माझ्याही लेखणीतून आधी तोच शब्द उतरतो. पुण्याची मावसबहीण ‘राहणीमान’ लिही म्हणते, मंडळातले काका ‘जीवनमान’वर अडून बसलेत. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि मथळ्यात ‘सर्वांत सुखी देश’ लिहिलं तर चालेल?

रामबाग
ताई, एकच नाही. राहणी म्हणजे खाणंपिणं, कपडालत्ता, घरदार. ‘त्यांचं राहणीमान सुधारलं’ म्हटलं की पक्कं घर झालं, दाराशी गाडी आली, असंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. हातात पैसा आला की राहणीमान वाढतं. जीवनमानात याखेरीज बरंच काही येतं: दवाखाना, शाळा, पाणी, रात्री निर्धास्त घरी येता येणं.

हा फरक तुमच्या लेखाच्या अगदी मुळाशी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० साली मानव विकास निर्देशांक आणला. त्यामागे पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते, अमर्त्य सेन यांची साथ होती. देश केवळ उत्पन्नावर तोलू नयेत, हाच त्यांचा आग्रह. म्हणून आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न अशा तीन गोष्टी एकत्र मोजल्या. यांतली तिसरी काय ती राहणीमानाची. अख्ख्या क्रमवारीला ‘राहणीमानाची क्रमवारी’ म्हटलंत, तर ज्या कारणासाठी ती निघाली तेच पुसलं जाईल.

टिळकनगर, इंदूर
पटलं. मग ‘जीवनमानाचा दर्जा’ लिहू का? बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

रामबाग
मला खटकतं. पर्जन्यमान, तापमान, आयुर्मान यांतलं ‘मान’ म्हणजेच माप. ‘जीवनमान उंचावलं’ एवढं पुरतं. दर्जा हवाच असेल तर ‘जगण्याचा दर्जा’ लिहा, कानालाही गोड लागतं.

मात्र एक जपा. ‘माणसाचं सरासरी जीवनमान’ असं लिहिताना पुष्कळ लोकांना वयाची वर्षं अभिप्रेत असतात. तुमच्या लेखात दोन्ही गोष्टी येणार, म्हणून वर्षांसाठी ‘आयुर्मान’च ठेवा. भारताचं सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ५८.६ वर्षं होतं, २०२३ मध्ये ७२ झालं. इथे चुकून ‘जीवनमान’ पडलं तर वाचक गोंधळेल.

स्नेहलतागंज
‘जीवनस्तर’ला अगदीच परका ठरवू नका. आपल्या इकडच्या मराठीत तो रुळलेला आहे, माझ्या आजीच्याही तोंडी होता. पण अंक नाशिक-साताऱ्यापर्यंत जाणार असेल तर ‘जीवनमान’ बरं.

आता ‘सुखी’बद्दल. जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग पहिला आहे, आणि २०२५ मध्ये भारत ११८वा. तिथे लोकांना ‘तुम्ही आनंदी आहात का’ असं विचारतच नाहीत. एक शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात: तळाला शून्य, म्हणजे तुमच्या दृष्टीने वाईटात वाईट आयुष्य, आणि टोकाला दहा, म्हणजे उत्तमात उत्तम. आज तुम्ही कितव्या पायरीवर?

मी हा प्रश्न सासूबाईंना मराठीतून विचारून पाहिला. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “देवाच्या दयेने बरं चाललंय.” आकडा सांगा म्हटलं तर, “आकडा कसला सांगायचा? मुलं मार्गी लागली, गुडघे दुखतात.” फारच मागे लागले तेव्हा, “सात म्हण.” त्या सातात मुलंही आली, गुडघेही आले. याला सुख म्हणण्यापेक्षा समाधान म्हणावं. मथळा ‘सर्वांत समाधानी देश’ करा.

रामबाग
सुखालाही आपल्याकडे व्यवहारी अर्थ आहे हो. स्थळ सांगताना ‘घर खाऊनपिऊन सुखी आहे’ म्हणतो, तेव्हा त्यांच्याकडे रोज हसणं-खिदळणं चालतं असं थोडंच म्हणायचं असतं? ददात नाही, एवढंच. तरीही या अहवालापुरतं ‘समाधानी’ अधिक नेमकं, हे मान्य. मानव विकास निर्देशांकाच्या मथळ्यात मात्र सुखी नको आणि समाधानीही नको, कारण तिथे कुणाला मनातलं विचारलेलंच नाही.

टिळकनगर, इंदूर
आणि ‘भारताचा निर्देशांक १३०’ हे बरोबर?

रामबाग
नाही, आणि ही चूक फार होते. निर्देशांक म्हणजे काढलेलं मूल्य, क्रमांक म्हणजे रांगेतली जागा. २०२५ च्या अहवालात भारताचा निर्देशांक ०.६८५ आणि क्रमांक १९३ देशांत १३०वा. आइसलंड ०.९७२ वर पहिला, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड ०.९७० वर दोघेही दुसरे. निर्देशांक वाढूनही क्रमांक घसरू शकतो, कारण बाकीचे देश काही थांबून राहत नाहीत. म्हणून ‘भारत घसरला’ एवढंच लिहू नका, काय घसरलं ते लिहा. जमलं तर तिथेच हेही सांगा की देशातली विषमता हिशेबात धरली, तर आपल्या मूल्यातून ३०.७ टक्के वजा होतात. माझ्या मते क्रमांकापेक्षा ही बातमी मोठी आहे.

स्नेहलतागंज
शहरांच्या याद्या देशांच्या यादीत मिसळू नका, एवढं माझ्याकडून. इकॉनॉमिस्टची यादी १७३ शहरांची आहे. २०२५ मध्ये तिच्यात कोपनहेगनने व्हिएन्नाला मागे टाकलं. त्या यादीसाठी ‘राहण्याजोगी शहरं’ हा साधा शब्द चालेल, ‘निवासयोग्यता’ कुणी बोलत नाही.

इंदूरचं उदाहरण घेणार असाल तर दोन आकडे शेजारी ठेवा. स्वच्छ सर्वेक्षणात आपण २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिले. पण केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ यादीत, दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं, वडोदरा आठवं आणि इंदूर नववं. सकाळी दारात कचरागाडी वेळेवर येते याचा मला मनापासून अभिमान आहे, पण राहणं म्हणजे तेवढंच नसतं. या यादीला मराठीत ‘जगण्यातली सुलभता’ म्हणतात, ते मला पुस्तकी वाटतं. ‘राहायला सोयीची शहरं’ लिहिलंत तर सासूबाईंनाही कळेल.

टिळकनगर, इंदूर
तेच लिहिते. ‘जीवनस्तर’ एकदाच, हिंदी बातमीचा उल्लेख येतो तिथे. काकांना आजच कळवते.