मदत हवी आहे : आजोबांची लॉगबुक आणि त्यांचे दोन भाऊ

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इंडियन एअर फोर्सच्या ८ नंबर स्क्वाड्रनमध्ये नॅव्हिगेटर होते. विमान व्हेंजन्स, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं डाइव्ह बॉम्बर, दोघांचंच. पुढे पायलट, मागे हे, नकाशा मांडीवर. चितगावजवळच्या तळावरून ब्रह्मदेशातल्या आराकानवर उड्डाणं. वाळवीने कुरतडलेली लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, माळ्यावर मिळाली. काही नोंदींपुढे 'डीएनसीओ' आहे, म्हणजे कामगिरी पार पडली नाही. कारण मात्र कुठेच नाही!

मधले भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीत. फोटोमागे फक्त '१९४४'. तिथे १/५ आणि ३/५ (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली आणि तिसरी) दोन्ही पलटणी लढल्या, मग यांची कोणती? धाकटे ब्रह्मदेशात होते, एवढंच आजी सांगायची.

सर्व्हिस रेकॉर्डसाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला कुणी पत्र लिहिलंय का? सैनिकाचा सर्व्हिस नंबर माहीत नसला तर चालतं का?