वजन-उंची मोजताना जाड लेकरांच्या मनाचं कसं तपासावं?

प्रश्न | वर्गशिक्षिका, लातूर जिल्हा

शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांची वजन-उंची मोजायची आहे. जी मुलं लठ्ठ निघतात त्यांच्या घरी चिठ्ठी जाते आणि विषय तिथंच संपतो. ही मुलं डबा कुणासोबत खातात, खेळाच्या तासाला बाकावर का बसून राहतात, याची नोंद कुठंच होत नाही. त्यासाठी एखादी प्रश्नावली आहे का? मुलाचं आणि आईचं उत्तर जुळलं नाही तर कुणाचं धरावं? आणि मोजणीनंच लेकरू दुखावू नये म्हणून काय करावं?

उत्तर १ | बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, आधी मोजणीचंच बघू, कारण बरंच नुकसान तिथंच होतं. व्हरांड्यात काटा, मागं चाळीस पोरांची रांग, एक जण आकडा मोठ्यानं सांगतो आणि दुसरा रजिस्टरात लिहितो. "अठ्ठावन्न!" म्हटलं की रांगेत खसखस पिकते, आणि पुढं वर्षभर तो आकडाच त्या पोराचं नाव होऊन बसतो. काटा रिकाम्या खोलीत ठेवा, दार लोटून घ्या, एका वेळी एकच मूल आत. आकडा बोलायचा नाही, फक्त लिहायचा. पाकीट बंद करून सगळ्याच मुलांना द्या. फक्त जाड मुलांना दिलं तर पाकीटच शिक्का होतं.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढताना वजन किलोत, उंची मीटरमध्ये. ४८ किलो आणि १४२ सेंमी असेल तर ४८ भागिले १.४२ चा वर्ग, म्हणजे २३.८. मोठ्या माणसांचे २३ (जादा वजन) आणि २७ (लठ्ठपणा) हे आकडे लेकरांना सरळ लावू नका. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५ च्या आलेखांत याच दोन रेषा ५ ते १८ वर्षांपर्यंत वयानुसार काढून दिलेल्या आहेत. मुलांचा आलेख वेगळा, मुलींचा वेगळा.

मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय ते मोजणारी प्रश्नावली आहे, तिचं नाव पेड्सक्यूएल. एकूण २३ प्रश्न: शरीराचे ८, भावनांचे ५, मित्रमंडळाचे ५, शाळेचे ५. गेल्या एका महिन्यात अमुक अडचण किती वेळा आली, असं विचारतात. उत्तर ० म्हणजे कधीच नाही, ४ म्हणजे जवळजवळ नेहमी. मग आकडे उलटे करायचे, म्हणजे जास्त गुण तितकं बरं: ० ला १००, १ ला ७५, २ ला ५०, ३ ला २५, ४ ला ०. भावनांच्या पाच प्रश्नांना २, ३, २, १, २ अशी उत्तरं आली तर ५०, २५, ५०, ७५, ५०, सरासरी ५०. एका भागातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे असतील तर त्या भागाची सरासरी काढू नका. ५ ते ७ वयाला तीनच पर्याय असतात, चेहऱ्यांची चित्रं दाखवून. एक चूक सर्रास होते: घरच्या घरी भाषांतर करून गुण काढतात. परवानगी घेऊन अधिकृत भाषांतरच वापरा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. मुलाच्या एकूण गुणांत साधारण साडेचारपेक्षा कमी फरक पडला तर त्याला सुधारणा किंवा घसरण म्हणू नये.

हे गुण किती खाली जाऊ शकतात? २००३ मध्ये अमेरिकेत दवाखान्यात पाठवलेल्या १०६ लठ्ठ मुलामुलींना ही प्रश्नावली दिली होती. त्यांचे गुण कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या गुणांइतकेच होते. ती दवाखान्यापर्यंत गेलेली मुलं होती, त्यामुळं तुमच्या वर्गातली सगळी तशीच असतील असं नाही. पण "खातंपितं लेकरू आहे, त्याला काय दुःख" हे म्हणणं सोडायला एवढं पुरे.

उत्तर २ | शालेय समुपदेशक, नांदेड

मुलाचं की आईचं? दोन्ही ठेवा, सरासरी करू नका. मूल शाळेत एकटं भरेल, आई घरी वेगळी भरेल. आई शेजारी बसली की मूल "काही नाही" वर खूण करून मोकळं होतं.

मुलाचे भावनांचे किंवा मित्रमंडळाचे गुण आईनं दिलेल्या गुणांपेक्षा खाली असतील तर घराला माहीत नसलेलं काहीतरी शाळेत चाललंय. त्या मुलाशी एकट्यानं बोला. आईचेच गुण खाली असतील तर आईला काळजी कशाची, ते विचारा. पुष्कळदा ती मुलीच्या लग्नाची निघते, आणि तेच मुलीच्या कानावर रोज पडत असतं.

बोलताना वजनापासून सुरुवात नको. "मधल्या सुट्टीत कुठं बसतोस? तुला काय म्हणून हाक मारतात? ते बंद व्हावं म्हणून कुणाला सांगितलंस का?" या क्रमानं जा. ढोल्या, जाड्या, ढब्बू ही नावं मुलानं आपल्या तोंडानं सांगितली की लिहून ठेवा. हसत सांगितली म्हणून दुखत नाही असं धरू नका. आणि नाव पाडणाऱ्यांना त्या मुलासमोर उभं करून माफी मागायला लावू नका, त्याचा वचपा शाळा सुटल्यावर निघतो.

"मरून जावं वाटतं" असं म्हणणं, जेवल्यावर मुद्दाम ओकणं, अंगावर ओरखडे, आठवडाभर शाळेला नकार: यातलं काहीही दिसलं तर गुणांची वाट बघू नका. त्याच दिवशी पालकांना बोलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं; घरातूनच छळ होत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

उत्तर ३ | क्रीडा शिक्षक, परभणी

बाकावर बसणारं पोरगं आळशी आहे असं धरू नका, आधी त्याचे कपडे बघा. उन्हात घामानं मांड्या घासून सोलवटतात, चालताना आग होते. गणवेशाच्या पँटखाली गुडघ्यापर्यंतची घट्ट सुती चड्डी आणि वर थोडं व्हॅसलीन, एवढ्यानं बरीच मुलं मैदानावर येतात. छातीवर चरबी असलेली मुलं शर्ट अंगाला चिकटू नये म्हणून खांदे पुढं घेऊन, पोक काढून चालतात. शर्ट एक माप मोठा शिवायला सांगा.

संघ निवडायला कप्तान उभे करू नका, शेवटी उरणारं पोरगं ठरलेलंच असतं. चिठ्ठ्या टाका. पळण्याच्या शर्यतीऐवजी रस्सीखेच, गोळाफेक, कबड्डीत कोपरा, जिथं वजन कामाला येतं. दिवसाला एकूण ६० मिनिटं हालचाल हवी, पण सुरुवात १० मिनिटं चालण्यानं; दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत.

वर्गशिक्षिका, लातूर जिल्हा

सर, एका मुलाचा गुडघा दुखतो म्हणून तो चालतच नाही. वजनानंच असेल ना?

उत्तर १ देणारे बालरोगतज्ज्ञ

थांबा, त्याला चालवू नका. १० ते १५ वयाच्या जाड मुलाचा गुडघा दुखत असेल आणि तो लंगडत असेल तर दुखणं पुष्कळदा खुब्यातलं असतं. मांडीच्या हाडाचा गोळा सरकतो. पाय टेकू न देता आजच दवाखान्यात न्या आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे सांगा, फक्त गुडघ्याचा नको. बाकीच्यांत मानेमागं काळी मखमली कातडी, मधेच श्वास अडकणारं घोरणं आणि वर्गात पेंगणं, डोकेदुखीसोबत धूसर दिसणं हे बघा. जाड असून उंचीही खुंटली असेल तर थायरॉईडसारखी ग्रंथींची तपासणी हवी, कारण नुसत्या खाण्यानं जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानानं उंच असतं. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अशा मुलांची नावं आधीच देऊन ठेवा.

उत्तर ४ | आहारतज्ज्ञ, बीड

घरी सांगायचं थोडकंच. लेकराचं ताट वेगळं करू नका. त्याला कोरडी भाकरी आणि भावाला भजी असं झालं की ते चोरून खायला शिकतं. बदल सगळ्या घराचा. तेल माणशी महिन्याला अर्धा लीटर, डब्यावर तारीख टाकून. थंड पेयाच्या २०० मिलीत साधारण चार चमचे साखर असते, ते घरात आणूच नका. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता), ज्वारीची भाकरी, पिठलं, मेथी चालू ठेवा. सुशीलेत तेल दोन चमच्यांवर आणा. आणि ताटावर बसल्यावर वजनाचा शब्द काढायचा नाही, हे आजी-काकांनाही सांगा. चिठ्ठीत हीच ओळ सगळ्यात वर लिहा.