केक पॉप्स काडीवरून घसरायलेत, चॉकलेटला तडे जायलेत – मदत हवी आहे

परभणीकर: बिनाअंड्याच्या चॉकलेट प्रीमिक्सचा 250 ग्रॅमचा पुडा वापरून कुकरमध्ये केक केला, चांगला फुगला. गार करून चुरला, त्यात अर्धी वाटी कंडेन्स्ड मिल्क घातलं. गोळे वळून तासभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि वितळलेल्या डार्क कंपाउंडमध्ये (कोको बटरऐवजी वनस्पती तुपाचं चॉकलेट) बुडवले. निम्मे काडी सोडून वाटीतच पडले. उरलेल्यांना पाव तासात उभे तडे गेले. रविवारी 20 पोरांसाठी पाहिजेत. काय चुकायलंय?

गोदाकाठ: चुका दोन आहेत. घसरणं कंडेन्स्ड मिल्कमुळं, तडे फ्रीजरमुळं.

पुड्याचा केक मुळातच ओलसर, त्यात तेलही असतं. अर्धी वाटी घातली की चुऱ्याचा लगदा होतो, आणि लगदा काडीला धरत नाही. एवढ्या केकला आधी 2 मोठे चमचे घाला, मग लागेल तसा एकेक चमचा. बहुतेक वेळा तीनात भागतं. परीक्षा लाडवाचीच: मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे उठावेत, पण हाताला काही चिकटू नये. चुरण्याआधी वरची आणि कडेची कडक साल सुरीनं काढा. तिच्या गुठळ्या राहतात आणि काडी घालताना गोळा तिथूनच फुटतो. (साल पोरं तशीच खातात, वाया जात नाही.)

गोळा 20 ग्रॅमचा, काट्यावर तोलूनच. नजरेनं वळलेले पुढं पुढं मोठे होत जातात आणि जड गोळा आधी पडतो. एका पुड्यात 16-18 होतील, म्हणून दोन पुडे आणा.

तड्यांचं कारण असं की गोठलेला गोळा आकसलेला असतो. त्यावर चॉकलेट लगेच आवळून बसतं, मग आतला गोळा बाहेरच्या उष्णतेनं फुगतो आणि कवच फुटतं. फ्रीजमध्ये 30 मिनिटं पुरे, बुडवण्याआधी 5 मिनिटं बाहेर. चॉकलेटही कढत नको, बोटाला कोमट लागेल इतकंच.

मांजराकाठ: वरच्याला +१. काडीचं राहिलं. टोक 1 सेंमी चॉकलेटमध्ये बुडवून मग गोळ्यात निम्म्यापर्यंत खोचा आणि 10 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं बरोबर असूनही पडणार.

वाटी नको, स्टीलचा अरुंद पेला घ्या. सरळ खाली, सरळ वर; आत फिरवलं की काडी सैल होते. बाहेर काढल्यावर काडी तिरकी धरून मनगटावर हलक्या टिचक्या मारा, जास्तीचं निथळतं. काडीच्या बुडाशी चॉकलेटची कड पक्की बसलेली दिसली पाहिजे. दोन पुड्यांना 500 ग्रॅम कंपाउंड ठेवा. सगळं लागत नाही, पण पेल्यात खोली पाहिजे.

वाळवायला थर्माकोल नसेल तर खोल डबाभर ज्वारी, वरून फॉइल, त्यात काड्या खोचा. हलत नाहीत.

परभणीकर: कंपाउंड घट्टच राहायलंय, थोडं दूध घालू का?

मांजराकाठ: अजिबात नको. दूध, पाणी, खालच्या पातेल्याची वाफ, काहीही थेंबभर गेलं तरी चॉकलेट दाणेदार होऊन बसतं. 200 ग्रॅमला 1 छोटा चमचा रिफाइंड तेल घाला. खोबरेलही चालतं. पण कुठलंही तेल जास्त झालं तर आपल्याकडच्या मे महिन्यात कवच बोटाला लागेल.

परभणीकर: कार्यक्रम दुपारी 4 ला आहे. कूलर आहे, एसी नाही.

गोदाकाठ: मग मांडून ठेवूच नका. चाळीस अंशांत कंपाउंडही मऊ पडतं आणि कूलरच्या ओल्या हवेनं गार चॉकलेटवर दव धरतं. झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. डबा बाहेर काढल्यावर 10 मिनिटं झाकण उघडू नका, दव डब्यावर बसेल. मग लगेच वाटा. शनिवारी रात्री केले तरी चालतील. दुसऱ्या गल्लीत न्यायचे असतील तर थर्माकोलची पेटी आणि फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या.

परभणीकर: आज थोड्या चुऱ्यावर करून पाहिलं, ठसे उठले, काडीही धरली. शेवटचं विचारतो: पांढऱ्या कंपाउंडला गुलाबी करायला आइसिंगचा जेल रंग घरात आहे, चालेल?

मांजराकाठ: नाही, त्यात पाणी असतं, वरच्यासारखंच दाणेदार होईल. बेकरीच्या सामानाच्या दुकानात चॉकलेटसाठीचा तेलातला रंग मागा.