लेक बाळंतपणाला येणार आहे आणि घरात घाबरट, उतावीळ कुत्री आहे

प्रश्न : प्रतापनगरकर

आमच्याकडे बुंदी नावाची ११ महिन्यांची गावठी कुत्री आहे. मागच्या जुलैत, साधारण ३ महिन्यांची असताना, ती भिजून फाटकाशी आली आणि राहिली. स्वभावाने अतिशय प्रेमळ आहे. परंतु कुकरची शिटी झाली की पलंगाखाली शिरते, दाराची बेल वाजली की भुंकत गोल गोल धावते आणि आलेल्या माणसाच्या अंगावर उड्या मारताना ओढणी किंवा बाही दातांत धरते. चावा तिने आजवर घेतलेला नाही. मध्यंतरी एका प्रशिक्षकाने गळ्यात साखळीचा फास घालून झटके द्यायला शिकवले. तीन आठवड्यांत ती नुसता पट्टा पाहूनही लपू लागली, म्हणून आम्ही ते बंद केले.

माझी मुलगी एप्रिलच्या अखेरीस पहिल्या बाळंतपणासाठी येत आहे आणि तारीख मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे. कुत्री कोणालातरी देऊन टाकावी, असे विहीणबाईंचे म्हणणे आहे. हातात असलेल्या अडीच महिन्यांत काय साधेल आणि काय साधणार नाही, हे अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे.

उत्तर : महालातला रहिवासी

तुमच्या वर्णनावरून बुंदी हट्टी वाटत नाही. ती घाबरते, आणि एकदा उचंबळली की तिला स्वतःला आवरता येत नाही. पिल्लांची जगाशी ओळख होण्याचा मुख्य काळ ३ ते १४ आठवड्यांचा मानतात. त्या काळात तिने रस्ता पाहिला. बेल, कुकर आणि पाहुणे पाहिले नाहीत. त्यातच ११ महिने हे कुत्र्याचे अडनिडे वय असते, तेव्हा काल शिकलेले आज विसरली तर वाईट वाटून घेऊ नका.

सुरुवात सतरंजीपासून करा. एक जुनी सतरंजी चौपदरी घडी करून बैठकीच्या अशा कोपऱ्यात घाला, जिथून दार दिसते पण येण्याजाण्याची वाट अडत नाही. बुंदी आपणहून तिच्यावर गेली की उकडलेल्या कोंबडीचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा तिच्या पुढच्या दोन पायांमध्ये ठेवा, हातातून भरवू नका. हातातून दिला की नजर हातावर खिळते आणि अंग ताठच राहते. खाली ठेवला की मान खाली जाते. काही दिवसांत ती बसल्या बसल्या एका कुल्ल्यावर कलंडेल आणि मोठा श्वास सोडेल. तो क्षण टिपून पुढचा तुकडा ठेवा. ‘बस’, ‘थांब’ असे काही म्हणण्याची गरज नाही, कारण आपल्याला आज्ञापालन नको आहे, सैल झालेले अंग हवे आहे.

त्यानंतर बेल. तिचा आवाज मोबाइलवर घ्या आणि इतका हळू वाजवा की बुंदीचा फक्त कान हलेल. आधी आवाज, लगेच तुकडा. हा क्रम उलटला तर तुकडा दिसणे हीच धोक्याची सूचना ठरते. दिवसातून दोनदा, एका वेळी पाचच वेळा. तिने तुकडा नाकारला तर आवाज मोठा झाला असे समजा आणि मागे या. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती माझ्या घराजवळून जाते. ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी आणि ढोल यांसाठी मी दोन महिने आधीपासून याच पद्धतीने तयारी केली होती. त्या दिवशी आमचा कुत्रा निर्भय झाला नाही, पण आतल्या खोलीत पडून हाडूक चघळू शकला, आणि मला तेवढे पुरेसे होते.

‘खूप दमवा म्हणजे शांत होईल’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. रोज तासभर चेंडूमागे पळवलेली कुत्री तितकीच उतावीळ राहते, फक्त तिचा दम वाढतो. त्याऐवजी गळ्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा घालून, सैल दोरीने वीस मिनिटे तिला हवे तिथे हुंगू द्या. पट्टा पाहून लपते, तर पहिले काही दिवस तो नुसता सतरंजीजवळ पडू द्या. दुपारी घरातल्या कोणी उठवू नये, कारण झोप अपुरी झालेली कुत्री तिन्हीसांजेला हमखास चिडचिडी होते.

उत्तर : पशुवैद्यक

वरील पद्धतीशी मी सहमत आहे. मात्र आधी तपासणी करून घ्या. कानातला संसर्ग, दातदुखी किंवा गोचीड तापानंतरचा अशक्तपणा असलेले जनावर आवाजाला आणि स्पर्शाला अधिक दचकते. रेबीजची लस आणि जंताचे औषध बाळ येण्यापूर्वीच द्या, कारण कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी मातीतून लहान मुलांपर्यंत पोहोचतात. भीती इतकी असेल की ती खाणेच सोडते, तर काही काळासाठी औषधे देता येतात. ती पशुवैद्यकानेच ठरवावीत, घरातली माणसांची झोपेची गोळी कदापि देऊ नये.

आपल्याकडच्या मे महिन्याचा विचार आत्ताच करा. कुत्रे मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते, त्यामुळे पारा ४५ अंशांकडे जात असताना उत्तेजित झालेली कुत्री लवकर तापते. म्हणून शिकवण्याचे सगळे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका आणि पुढे फिरणे सूर्य वर येण्याआधी ठेवा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवणे तुम्हाला सोसत नसेल, तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. कूलर याच महिन्यात बाहेर काढून थोडा थोडा वेळ चालवा. त्याच्या घरघरीची सवय झाली की तोच आवाज बाहेरचे खटके झाकतो.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत अनेक घरी मनुका किंवा बेदाणे घालतात, आणि त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डबा फडताळात, झाकण घट्ट लावून ठेवा.

उत्तर : मानेवाड्याहून

मी जरा कटू लिहिणार आहे. आमचा कुत्रा रांगणाऱ्या भाच्यावर गुरगुरला, तेव्हा आम्ही प्रत्येक वेळी त्याच्यावर ओरडलो. तो गुरगुरायचा थांबला आणि आम्ही सुधारला म्हणून निर्धास्त झालो. दोन महिन्यांनी त्याने कसलीही सूचना न देता मुलाच्या गालाला दात लावले. त्याची सूचना देण्याची सोय आम्हीच काढून घेतली होती. बुंदी गुरगुरली तर रागावू नका, दोघांमधले अंतर वाढवा. खरे तर त्याच्याही आधी, झोप आलेली नसताना जांभई देणे, ओठांवरून जीभ फिरवणे, तोंड वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणे, एवढे दिसले तरी पुरे.

बाळ आणि कुत्री यांना एका खोलीत एकटे सोडायचे नाही, गॅसवरचे दूध उतरवण्यापुरतेही नाही. बाळंतिणीच्या खोलीला कमरेएवढे फळ्यांचे दार आत्ताच बसवा, म्हणजे बाळ आले आणि आपल्याला बाहेर काढले असा संबंध तिच्या मनात जुळणार नाही. पाळणा, मालिशचे तेल, शेक-शेगडीचा धूर, हे सगळे एकेक करून आधी घरात येऊ द्या. दवाखान्यातून परतल्यावर मुलीने रिकाम्या हातांनी आत येऊन आधी तिला भेटावे, बाळ मागून कोणीतरी आणावे. बारशाच्या दिवशी मात्र कुठलीही परीक्षा घेऊ नका. त्या गर्दीत तिला वरच्या खोलीत किंवा ओळखीच्या घरी ठेवा.

प्रतापनगरकर

सर्वांची आभारी आहे. आठ दिवसांत मोबाइलवरच्या बेलला बुंदी सतरंजीकडे पाहू लागली आहे. खऱ्या बेलला अजून धावतेच. लाडवांतून मनुका वगळल्या आहेत. अडचण एकच उरली आहे : बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई रोज सकाळी आठला येणार, आणि त्या कुत्र्याला फार भितात.

महालातला रहिवासी

मग बाईंना बेल वाजवायला लावूच नका. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर फोन करावा, तुम्ही बुंदीला सतरंजीसकट मागच्या खोलीत नेऊन तिची सकाळची पोळी तिथेच द्यावी, त्या खोलीचे दार लावून घ्यावे आणि मगच बाईंना आत घ्यावे. त्यांची आणि बुंदीची ओळख या मोसमात झाली नाही तरी चालेल.