मदत हवी आहे: 'लाय'चा भूतकाळ 'ले' की 'लेड'?

इंग्रजीतली अनियमित क्रियापदं पाठ आहेत, गो-वेंट-गॉन झोपेतही म्हणेन. पण एका जोडीने दमवलंय. पडून राहणं म्हणजे लाय-ले-लेन. ठेवणं म्हणजे ले-लेड-लेड. म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ! (खोटं बोलण्याचं लाय-लाइड वेगळं, तिथे गोंधळ नाही.) कर्म असेल तर 'लेड', हा नियम लिहिताना पाळता येतो. बोलताना मात्र 'आय लेड डाउन' निघूनच जातं, कारण सगळीकडे तेच कानावर पडतं. शब्दकोशात 'आय ले डाउन'च आहे, तेही पाहिलं. तक्ते घोकायला सांगू नका, ते करून झालं. औपचारिक बोलण्यात, मुलाखतीत वगैरे, 'आय लेड डाउन' खरंच चूक धरतात का? आणि 'ले' तुमच्या जिभेवर कसं बसलं?