गूजबेरीला मराठीत काय म्हणायचं? आणि माझ्या कुंडीत आहे ते नक्की काय?

मदत हवी आहे. प्रश्न दोन, पण गोम एकच.

मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करतेय. इंग्लंडमधलं खेडं, जूनअखेर. आजी परसातल्या झुडपावरून गूजबेऱ्या खुडते, हातभर ओरखडे येतात, मग जॅम होतो. मी बिनदिक्कत 'आवळे' लिहून मोकळी. नातवाने वाचलं आणि विचारलं, "आज्जी, आवळ्याला काटे असतात?" कार्तिकात आवळीखाली बसून जेवलेली बाई मी, आणि हे सुचलं नाही!

बाल्कनीत दोन वर्षांपासून 'गूजबेरी' आहेच, तिच्याकडे पाहिलं. घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून त्याच नावाने आणलेली. काटा औषधालासुद्धा नाही. पानं आवळ्यासारखी ओळीनं, पण चांगली मोठी, टोकाला निमुळती. हिवाळ्यात डहाळ्यांसकट गळतात. फळ अजून नाही. बारा इंची कुंडी, पूर्वेचं ऊन, पाचपाखाडी.

तर हे काय झाड आहे? आणि गोष्टीत काय लिहू? 'रसभरी' चालेल का? फळवाल्याकडे तिच्या डब्यावरही केप गूजबेरीच लिहिलेलं असतं.

प्रतिसाद १
ताई, तुमच्याकडे रायआवळा आहे. शाळेबाहेर तिखटमीठ लावून मिळायचा तो, फिकट पिवळा, कंगोरेदार, आत एकच टणक बी. इंग्रजीत स्टार गूजबेरी, म्हणून नर्सरीवाला अगदीच खोटं बोलला नाही. डहाळ्या गळल्या म्हणून झाड मेलं समजून उपटू नका. फळं जुन्या, निष्पर्ण फांद्यांना घोसाने लागतात, म्हणजे छाटणी बेताने. बारा इंची कुंडी मात्र त्याला अंगरख्याऐवजी झबलं घातल्यासारखी. जुना ड्रम बघा, आणि ऊन वाढवा.

प्रतिसाद २
रसभरी नको. ती टोमॅटो-वांग्याच्या कुळातली, कागदी वेष्टनातली, मूळची दक्षिण अमेरिकेची. 'केप' हे दक्षिण आफ्रिकेतल्या केपवरून आलं. गोष्टीतली गूजबेरी म्हणजे कमरेएवढं काटेरी झुडूप. फळ हिरवं, आरपार दिसेल असं, वर उभ्या रेषा, बारीक लव, टोकाला सुकलेल्या फुलाची शेपटी. रेषा आणि आंबटपणा सोडला तर आवळ्याशी नातं शून्य.

या नावाखाली इंग्रजीत काय काय कोंबलंय! किवीसुद्धा चिनी गूजबेरी होती. १९५९ मध्ये न्यूझीलंडच्या निर्यातदारांनी नाव बदललं.

प्रतिसाद ३
खरी गूजबेरी ठाण्यात लावायचा विचार असेल तर सोडा. तिला काही आठवडे कडक थंडीची झोप लागते, त्याशिवाय नीट बहर येत नाही. आपल्याकडे जानेवारीतही पंखा चालू.

शब्दाबद्दल: जर्मन लोक तिला चक्क काट्यांची बेरी म्हणतात. आणि फ्रेंच नावाचा अर्थ ऐकाल तर आमच्या कोळीवाड्यात टाळ्या पडतील. त्यांच्या नावात मॅकरल आहे, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ! तेलकट मासळीला तिची आंबट चटणी लावतात. आपण कोकम घालतो तेच.

प्रतिसाद ४
मग सरळ 'काटेबोर' करा की.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काटेबोर आवडलं होतं, पण बोरीला मुळातच काटे. मुलांच्या डोळ्यांपुढे संक्रांतीचं बोरन्हाणच येईल. बांगड्याचं वाचून घरच्यांना चेव चढलाय, रविवारचा बेत ठरला.

'गूजबेरी'च ठेवते. आजीच्या तोंडी एक वाक्य वाढवलंय: "आवळ्याएवढी असते, पण झुडपावर, आणि काटे असे की एक फळ काढायला दहा ओरखडे." तळटीप नको होती, मुलं ती वाचतच नाहीत. नातवाचं मत वेगळंच आहे. त्याला वाटलं ही बेरी कानात गूज सांगते. इंग्रजीत तो हंस आहे म्हटल्यावर हिरमुसला. हंस तिथे कसा शिरला, यावर पंडितांचंही एकमत नाही म्हणे, तेव्हा त्याचं गूजच राहू दे.

आता शेवटचं: ड्रममध्ये रायआवळा पावसाआधी हलवू की पाऊस लागल्यावर?

प्रतिसाद १
पहिल्या दोन सरी होऊ द्या, मग ढगाळ दिवशी संध्याकाळी. तळाला भोकं पाडायला विसरू नका.